भावाच्या नावाने ठेवलेला नारळ

मी मालाडच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते. पाश्चात्त्य नीतिशास्त्रातला ‘चांगलं आणि वाईट’ हा भाग दरवर्षी माझ्याच गळ्यात पडतो, कारण बाकीच्यांना तो कंटाळवाणा वाटतो. मला नाही वाटत. इतकी हुशार माणसं इतक्या शतकांपासून एकाच प्रश्नाशी झटतायत आणि कुणालाच पक्कं उत्तर सापडलेलं नाही, याचं मला उलट बरं वाटतं. देव जर चांगला आहे आणि सगळं त्याच्या हातात आहे, तर जगात वाईट आलं कुठून? हे फळ्यावर लिहिलं की शेवटच्या बाकावरची मुलंसुद्धा मोबाइलमधून मान वर काढतात. प्रत्येकाच्या घरात काही ना काही झालेलं असतंच.

या भागात एका जुन्या बिशपचा विचार येतो. तो म्हणतो, वाईट नावाची वेगळी अशी वस्तूच नाही; चांगल्याचं नसणं म्हणजे वाईट. मुलांना हे पटकन कळत नाही, म्हणून मी आंधळेपणाचं उदाहरण द्यायचे. डोळ्यात आंधळेपणा नावाचं काही कुणी आणून ठेवत नाही, दृष्टी नसते एवढंच. उदाहरण सोपं आहे, मुलं ते परीक्षेत जसंच्या तसं लिहितात. या वर्षी मात्र ते माझ्या तोंडून निघालंच नाही. त्याऐवजी मी खड्ड्याचं उदाहरण दिलं, खड्डा म्हणजे माती नसणं, आणि पुढे गेले.

त्याला कारण आमचे बाबा.

आम्ही मूळचे मालवणकडचे. बाबा गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर त्यांनी मिळेल ती नोकरी केली आणि आता बोरिवलीला माझ्याकडे असतात. आई गेल्यापासून आम्ही दोघंच. बाबांना आमच्या सोसायटीत मोठा मान आहे, तो गणपतीतल्या गाऱ्हाण्यामुळे. गाऱ्हाणं म्हणजे आमच्याकडे देवाशी मोठ्याने केलेलं बोलणं. एकजण देवाला सगळ्यांच्या वतीने सांगतो, मागतो, आणि प्रत्येक वाक्यानंतर बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. बाबांनी हे आमच्या सोसायटीत सुरू केलं आणि आता दुसऱ्या मजल्यावरचे गुजराती काकासुद्धा घसा ताणून ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. कुणाच्या मुलीचं लग्न जमू दे, कुणाच्या गुडघ्याला आराम पडू दे, लिफ्ट सारखी बंद पडते ती नीट चालू दे. बाबा कुणाला म्हणून विसरत नाहीत. त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाचा उल्लेख मात्र त्यात कधीच नसायचा, आणि तो का नसतो हे मी कधी विचारलंही नव्हतं.

हे काका गावाला असायचे. म्हातारपणी त्यांची नजर गेली, काचबिंदूने. मग त्यांची मुलगी त्यांना मुलुंडला आपल्या घरी घेऊन आली. बोरिवली आणि मुलुंड काही दोन देश नव्हेत, पण दोघं भाऊ एकमेकांकडे जात नव्हते. लग्नकार्यात समोरासमोर आले तर जेवलास का, हो जेवलो, एवढंच. आम्ही दोघी चुलत बहिणी मात्र फोनवर तास तास बोलायचो.

या वर्षी तिनेच मला सांगितलं, “ताई, काचबिंदू घराण्यात असतो म्हणतात. मोठ्या काकांचे डोळे एकदा दाखव ना. माझ्या पप्पांचं आम्हाला फार उशिरा कळलं गं.”

मी बाबांना घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि स्पष्ट सांगितलं की काचबिंदू सुरू झालेला आहे. गेलेली नजर परत येणार नाही, पण आहे ती टिकवता येईल. त्यासाठी डोळ्यात रोज थेंब घालायचे, न चुकता, जन्मभर. मला हायसं वाटलं. थेंबच तर घालायचेत, त्यात काय एवढं! बाबा रिक्षात बसल्यावर बाहेर बघत राहिले.

पुढचे काही आठवडे मी रोज विचारायचे, “बाबा, थेंब?” ते म्हणायचे, “घातलंय गो.” पुढच्या तपासणीला डोळ्यांतला दाब जराही उतरलेला नव्हता. डॉक्टरीणबाई बुचकळ्यात पडल्या. मला वाटलं, औषधच बोगस असणार. मी केमिस्टशी जाऊन भांडलेसुद्धा. तो बिचारा ऐकून घेत राहिला.

मग एका रविवारी दुपारी मी पाणी प्यायला उठले आणि बघितलं. बाबा बेसिनच्या आरशासमोर उभे होते. त्यांनी मान मागे केली, बाटली धरली, डोळे घट्ट मिटले आणि थेंब बरोबर मिटलेल्या पापणीवर सोडला. मग खिशातून रुमाल काढून नीट पुसला. दुसऱ्या डोळ्याचंही तेच. म्हणजे ‘घातलंय’ हे शब्दशः खोटं नव्हतं. खोटं न बोलता फसवणं हे पाप की नाही, यावर मी वर्गात एक आख्खा तास घेते. त्या दुपारी मात्र मी नुसती ओरडले.

“काय चाललंय हे? आंधळं व्हायचंय का तुम्हाला?”

बाबा स्टुलावर बसले आणि म्हणाले, “व्हय.”

मग त्यांनी जे सांगितलं ते मला कधीच माहीत नव्हतं. आजी गेली तेव्हा बाबा मुंबईत होते. निरोप मिळाल्यावर मिळेल त्या गाडीने निघाले, पण पोचेपर्यंत काकांनी अग्नी देऊन टाकला होता. बाबांना आईचं तोंड दिसलं नाही. ते भावाशी एक शब्द बोलले नाहीत. दिवस झाले, सुतक फिटलं, आणि मुंबईची गाडी पकडायच्या आधी बाबांनी गावच्या देवळात जाऊन भावाच्या नावाने नारळ ठेवला.

आमच्याकडे ही रीत आहे. ज्याच्यावर अन्याय झाला, तो देवापुढे नारळ ठेवतो आणि समोरच्याचा न्याय देवावर सोपवतो. पोलिसात जाण्यापेक्षा माणसं याला जास्त घाबरतात. बाबांनी देवाला जे सांगितलं ते त्यांनी मला त्याच शब्दांत ऐकवलं, खाली लादीकडे बघत: “ज्येनी माझ्या आवशीचा तोंड माका बघूक दिल्यान नाय, तेका पण कोणाचा तोंड दिसाक नको, म्हाराजा.”

“आणि आता तेका दिसणा नाय,” बाबा म्हणाले. “मिया केलंय ता. आता माझी पाळी. ता औषध घालून मी खंय पळान जाऊ?”

मी हे सगळं सोप्पं समजले, हे कबूल करायला हवं. वाटलं, आपलं तर हेच काम आहे. इतकी वर्षं पगार कशाचा घेतेय? दुसऱ्या दिवसापासून मी जेवताना एकेक मुद्दा काढायला लागले. वाईटाचे दोन प्रकार करतात, हे मी त्यांना सांगितलं. एक माणूस करतो ते: मारणं, लुबाडणं, छळणं. दुसरं कुणीच करत नाही, ते होतं: भूकंप, पूर, आजार. काचबिंदू दुसऱ्यातला. डोळ्यांतला दाब वाढतो, नस सुकते. त्यात ना तुमचा हात, ना तुमच्या नारळाचा. तुमच्या आजोबांनासुद्धा शेवटी दिसत नव्हतं ना? त्यांच्या नावाने कुणी ठेवला होता नारळ?

बाबा बांगड्याचे काटे काढत ऐकत राहिले. ते काढून माझ्या ताटात मासा ठेवायची त्यांची सवय अजून गेलेली नाही. ठेवला आणि म्हणाले, “नारळान झाला नसात, मानलंय. पण माझ्या मनात होता मा?”

इथे माझी पंचाईत झाली. कारण माझ्या अभ्यासक्रमात एक जर्मन बसलाय आणि तो नेमकं हेच म्हणतो. कृतीतून पुढे काय निघालं याला महत्त्व नाही, हेतू काय होता ते बघा. माणसाचं चांगलं-वाईट ठरतं ते तिथे. या जर्मनाला मी वर्षानुवर्षं मोठ्या कौतुकाने शिकवत आले आणि आता तो माझ्याच स्वयंपाकघरात बाबांच्या बाजूने बसला होता. मग मी एका ग्रीक म्हाताऱ्याला पुढे केलं. तो म्हणायचा, जाणूनबुजून वाईट कुणीच करत नाही. ज्याला कळत नाही तोच करतो. बाबा म्हणाले, “माका सगळा कळत होता.” संपलं. ग्रीकही गेला.

मला खूप राग आला. बाबांचा आला, त्या नारळाचा आला आणि या सगळ्या मोठमोठ्या माणसांचाही आला, ज्यांना वाईटाबद्दल इतकं कळतं पण एका म्हाताऱ्याला डोळ्यात औषधाचा थेंब घालायला लावता येत नाही. रागाच्या खाली नुसती भीती होती. बाबा सकाळी पेपर वाचताना तो डोळ्यांच्या आणखी जवळ धरायला लागले होते. चहाचा कप टेबलाच्या कडेला ठेवायचे. मी दाराशी आले तरी मी बोलेपर्यंत त्यांना कळायचं नाही. त्यांनी माझ्याकडे बघत राहावं असं मला वाटत होतं. आणखी कितीतरी वर्षं.

जबरदस्ती करूनही पाहिली. मी थेंब घालायला गेले की ते लहान मुलासारखे डोळे मिटून घ्यायचे. मोठ्या माणसाची पापणी त्याच्या मर्जीविरुद्ध उघडता येत नाही, हे मला तेव्हा कळलं.

शेवटी मी विचारलं, “ठेवलेला नारळ उचलता येत नाही का?”

“येता,” बाबा म्हणाले. “पण ज्येनी ठेवलो तो आणि ज्येच्यावर ठेवलो तो, दोघांनी एकत्र उभा रवान देवाक सांगूक व्हया. मी तेका कसा सांगतलंय? तेका म्हायतच नाय.”

म्हणजे इतकी वर्षं ते काकांकडे जात नव्हते ते रागाने नव्हे. राग केव्हाच विरला होता. लाजेने जात नव्हते.

मी चुलत बहिणीला फोन करून सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर मला वाटलं, झालं, ही पण गेली हातची. पण ती म्हणाली, “ताई, घेऊन ये ना त्यांना. पप्पा रोज विचारतात गं, दादा आता कसा दिसतो म्हणून.”

पुढच्या सुट्टीला आम्ही कॅब केली. बाबांना मी खरं कारण सांगितलं नव्हतं असं नाही, सांगितलं होतं, आणि ते तयारही झाले होते. स्वतःहून दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. मात्र पवई येईपर्यंत त्यांनी पुन्हा पुन्हा “मागे फिरूया काय?” असं विचारलं. माझ्या कापडी पिशवीत औषधाची बाटली होती आणि बाजारातून पारखून आणलेला, शेंडीवाला नारळ होता. मी आयुष्यात कधी नवससायास केलेले नाहीत. कॉलेजातल्या कुणी बघितलं असतं तर पुढचं वर्षभर माझी चेष्टा झाली असती.

मुलुंडला काका बाल्कनीतल्या खुर्चीवर बसले होते, मांडीवर छोटा रेडिओ. आम्ही चपला काढत होतो तेवढ्यात त्यांनी रेडिओ बंद केला. “दादा इलो,” ते म्हणाले. आम्ही अजून तोंडही उघडलं नव्हतं. बाबा दारात घसा खाकरतात, त्यावरून ओळखलं असावं.

चहा आला. बाबांनी चहा तसाच ठेवला आणि एकदम सांगायला सुरुवात केली. काही आडपडदा ठेवला नाही. देवळात काय म्हणाले तेही त्याच शब्दांत सांगितलं. आम्ही दोघी बहिणी स्वयंपाकघराच्या दारात एकमेकींचा हात धरून उभ्या होतो. काकांच्या चेहऱ्यावर काही म्हणता काही उमटलं नाही. मग त्यांनी रेडिओ बाजूला ठेवला.

“माझ्या तोंडार सांगूक व्हया होता तेव्हा,” काका म्हणाले. आवाज चढला होता. “शिये घालूक व्हये होते. थोबाडीत मारूक व्हयी होती. देवाक कित्याक मधी घातलंस?”

बाबा मान खाली घालून बसले. मला वाटलं, आपण मोठी चूक केली, उठावं आणि जावं.

“आता माझा आयक,” काका म्हणाले, आणि थोडं थांबले. “आवस आजारी होती तेव्हा मिया पण नारळ ठेवलंय. थंयच. तुझ्या आधी. आवस सारखी तुझी वाट बघित होती. मी देवाक सांगितलंय, दादाक वेळेर पोचव म्हाराजा, बाकी काय एक नको. मी आवशीसाठी मागलंय, तुझ्यासाठी मागलंय. तेनी माझा आयकूक नाय. आवस गेली. गाव म्हणाक लागलो, आता तिका उचला, किती वेळ ठेवतलास? मी एकटो काय करतलंय? तो देव माझा आयकूक नाय, आणि रागान म्हटलेला तुझा आयकल्यान? असो कसो रे आपलो देव?”

बाल्कनीच्या खाली कुणीतरी गाडी काढत होतं, तिचा रिव्हर्सचा आवाज येत राहिला. तर्काने बघायला गेलं तर काकांच्या बोलण्यात भोक होतं. चांगलं मागितलेलं न ऐकणारा आणि वाईट मागितलेलं ऐकणारा देव असूच शकतो. वर्गात एखाद्या चलाख मुलीने हे विचारलं असतं आणि मी तिला शाबासकी दिली असती. त्या खोलीत मी तोंड बंद ठेवलं. कारण बाबांनी मान वर केली होती. त्या नारळाच्या आधी तिथे आणखी एक नारळ होता, त्यांच्याच नावाने, त्यांच्या भल्यासाठी, हे त्यांना आज पहिल्यांदा कळत होतं.

“माका म्हायत नव्हता रे,” बाबा म्हणाले.

“तू विचारलंस खंय?” काका म्हणाले. मग आवाज खाली आला. “चल. हाडलास काय नारळ?”

देव्हारा हॉलमधल्या शोकेसच्या कोपऱ्यात होता. बहिणीने पाट मांडला, मी पिशवीतून नारळ काढला. दोघं भाऊ शेजारी उभे राहिले, काकांचा हात बाबांच्या दंडावर. गाऱ्हाणं घालायचा मान थोरल्याचा, म्हणजे बाबांचा. पण बाबांचा आवाज फुटेना. ज्यांनी आख्ख्या सोसायटीसाठी देवाकडे लिफ्टसुद्धा मागितली, त्यांना स्वतःसाठी एक शब्द मागता येईना. काकांनी थोडी वाट बघितली आणि मग स्वतःच सुरू केलं.

“बा देवा म्हाराजा, तुझी लेकरा आज हंय मुलुंडाक तुझ्या पायार उभी आसत.”

“व्हय म्हाराजा,” आम्ही दोघी म्हणालो. मीसुद्धा. अगदी मोठ्याने.

“माझ्या भावान रागान तुझ्याकडे जा काय मागल्यान, ता आता तेका नको आसा. माका पण नको आसा. तो नारळ आमी दोघांनी उचललो.”

“व्हय म्हाराजा.”

“माझा जा गेला ता गेला. तेच्याबद्दल माझा कायएक म्हणणा नाय. तेच्या डोळ्यांत जितको उजेड आसा, तितको तेका रवांदे.”

आम्ही म्हणालो. बाबा नाही म्हणाले. त्यांचे ओठ हलले, पण आवाज आला नाही.

बहिणीने कोयत्याने नारळ फोडला, त्यातलं पाणी तिच्या ड्रेसवर सांडलं, ती वैतागली, आम्ही हसलो. आम्हाला हसायला काहीतरी हवंच होतं. खोबऱ्याचे तुकडे वाटले. काका चघळत म्हणाले, “गोड आसा. बोरिवलीचो काय?” आणि लगेच पुढे, “औषध खंय आसा तेचा? हाड.”

बाबांना त्यांनी सोफ्यावर आडवं व्हायला लावलं आणि डोकं आपल्या मांडीवर घेतलं. बाबा म्हणाले, मी काय बाळ आसंय काय? काका म्हणाले, गप रव. मी बाटलीचं झाकण उघडून उभी राहिले. काकांना पापणी शोधायची होती. त्यांची बोटं हनुवटीपासून सुरू झाली, गालांवरून वर गेली, कपाळावर थांबली, खाली उतरली. नाकापाशी आली आणि तिथेच राहिली. ती पुन्हा एकदा नाकाच्या शेंड्यापर्यंत गेली आणि परत आली.

“दादा,” काका म्हणाले, “ह्या तर आवशीचा नाक. आवशीचाच तोंड आसा रे तुझा.”

बाबांनी डोळे उघडले. सताड उघडले, इतके दिवस घट्ट मिटून धरलेले. काकांनी पापणी हळूच खाली ओढून धरली आणि मी थेंब सोडला. तो बरोबर आत गेला. पण डोळे इतके भरून आले होते की त्यातलं किती राहिलं आणि किती कानावर ओघळलं हे सांगता येईना, म्हणून मी आणखी एक सोडला. मग दुसऱ्या डोळ्यात. मीही रडत होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

काकांना यातलं काही दिसत नव्हतं. त्यांनी बोटांनी भावाचा ओला कान चाचपला आणि विचारलं, “गेलो काय रे थेंब आत?”

बाबांनी घसा खाकरला.

“व्हय म्हाराजा,” ते म्हणाले.